दुधाला हात लावू नकोस

कोथरूड, पुणे
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मीनल हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला घरखर्चाचा तक्ता पाहिला. मोबाईलवर रकाने एकमेकांत घुसत होते म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. एका कागदाचे त्याने दहा रुपये घेतले. काल दुपारभर तोच वाचत बसलो होतो. आईने दोनदा विचारलं, "एवढं काय वाचताय, पेन्शनचं काही आलंय का?" मी नुसतं हूं केलं.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण मी आकडे सांगायला लागलो की तू "बरं बाबा, बरं बाबा" सुरू करतेस आणि मग मलाही पुढचं आठवत नाही. म्हणून लिहितोय. संध्याकाळी ईशान येणार आहे, त्याच्या हाती पाकीट देईन. चिकटवलंय ते त्याच्यासाठी नव्हे, तुझ्या आईने उघडू नये म्हणून. का ते पुढे येईलच.

तक्ता उत्तम केलायस, हे आधी सांगतो. सरकारच्या नमुना पाहणीच्या नोकरीत छत्तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावून तेल किती, तूर किती हेच लिहीत आलो. इतका स्वच्छ तक्ता मला भरून देणारं घर क्वचितच भेटलं. तरी सवयीने तपासलाच.

सुहासरावांची नोकरी गेली आणि घरात येणारे २,४५,००० चे एकदम ९२,००० झाले. फ्लॅटचा हप्ता ३८,००० गेला की हातात ५४,००० उरतात. खाण्याच्या सदरात आजवर ४३,००० जात होते. किराणा ९,५००, दूध ४,०००, भाजी-फळं ६,०००, स्वयंपाकाच्या मावशी ५,५००, आणि बाहेरून मागवणं नि हॉटेल मिळून १८,०००. आता "यापुढे" या रकान्यात तू लिहिलंयस : दूध दोन लिटरचं एक लिटर. फळं बंद. मावशी बंद. आणि त्या १८,००० च्या समोर लिहिलंयस, "कमी करू".

बाकी सगळीकडे आकडा आहे आणि सगळ्यात मोठ्या रकमेसमोर मात्र शब्द. आमच्या ऑफिसात शेड्यूलवर, म्हणजे घरोघरी भरून आणायच्या फॉर्मवर, असं काही दिसलं की साहेब कागद परत फेकायचे आणि त्या घरी पुन्हा जायला लावायचे. मीही तेच करतोय असं समज.

एक आकडा सांगतो, टोचायला नाही. २०२२-२३ च्या पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च निघाला ६,४५९ रुपये. खाणं, कपडे, भाडं, वीज, औषधं, सगळं धरून. मावशींचा पगार आमच्या पाहणीत खाण्यात धरत नाहीत, तो बाजूला काढला तरी तुमचं नुसतं खाणं माणशी ९,३७५ होतं. म्हणजे तुमच्या ताटात कमी करण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते दुधात नाही आणि फळांतही नाही.

तुम्हीच जगावेगळे आहात असंही नाही. १९९९-२००० मध्ये शहरातलं घर शंभरातले ४८ रुपये खाण्यावर घालत होतं, २०२२-२३ मध्ये ते ३९ वर आलं. यात आश्चर्य नाही, मिळकत वाढली की खाण्याचा वाटा उतरतोच. मजा त्या ३९ च्या पोटात आहे. तांदूळ-गहू-ज्वारी मिळून तेव्हा बाराच्या आसपास होते, आता चाराच्याही आत. दूध सातच्या जवळपास. आणि सगळ्यात मोठा तुकडा, साडेदहाच्या वर, कुणाचा? पेयं, पाकिटातलं तयार खाणं आणि बाहेरचं जेवण यांचा. मी नोकरीला लागलो तेव्हा हा रकाना आम्ही दोन मिनिटांत उरकायचो. चहा, भजी, शेवचिवडा, झालं.

मिळकतीचा आणि खाण्याचा हा संबंध एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन माणसाने १८५७ मध्ये मांडला. (मार्क्सच्या जोडीचा एंगल्स तो वेगळा. ऑफिसात नवीन पोरं हमखास गोंधळ करायची आणि एक तर वरिष्ठांसमोरच करून बसला होता.) त्याने बेल्जियमच्या मजूर कुटुंबांचे जमाखर्च घेतले आणि तीन ओळींत मांडले. सगळ्यात गरीब घरांत शंभरातले ७१ खाण्यावर जात होते, त्यातल्या त्यात बऱ्या घरांत ६२. जितकी मिळकत कमी, तितका खाण्याचा वाटा जास्त. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे शिकवलं तेव्हा मनात आलं होतं, यात काय मोठं, माझी आईसुद्धा सांगेल. पुढे ते आपल्याच घरात पाहायला मिळालं.

तू तेव्हा चार वर्षांची होतीस. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अण्णाकाका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. दोन महिने कसेबसे काढले त्याने, आणि एप्रिलमध्ये एक ट्रंक, एक वळकटी, वहिनी आणि बाळू-विजू यांना घेऊन नारायण पेठेत आपल्या दारात उभा राहिला. म्हणाला, "चार दिवस येतो, दत्ता सामंत काहीतरी करतीलच." ते चार दिवस अडीच वर्षं चालले. वाड्यातल्या दोन खोल्या, भाडं अठरा रुपये, आणि आपण चाराचे आठ झालो.

त्या वेळच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. अप्पा बळवंत चौकातून आणायचो, लाल कापडी बांधणीच्या. काल त्यातली १९८२ ची काढली. मार्चमध्ये हातात आलेला पगार ९४० रुपये, मे महिन्यातही ९४०. मिळकत एका पैशाने कमी झाली नव्हती, आणि तरीही घर निम्म्यावर आलं होतं. माणशी २३५ होते ते ११७ झाले. म्हणून मी नेहमी म्हणतो की मिळकत पगाराच्या कागदावर बघू नये, ताटं मोजून बघावी. मार्चमधलं खाणं ५४०, मे मधलं ६५५. माणसं दुप्पट झाली आणि खर्च जेमतेम सव्वाशे रुपयांनीही वाढला नाही. पण पगारातला खाण्याचा वाटा ५७ वरून जवळजवळ ७० टक्क्यांवर गेला. अण्णा आला आणि आपण सगळे जाऊन बेल्जियमच्या पहिल्या ओळीच्या शेजारी बसलो.

६५५ मध्ये आठ जणांचं कसं भागलं? तांदळाचा भात एका वेळी, दुसऱ्या वेळी भाकरी. भाजी एक दिवसाआड, मधल्या दिवशी पिठलं नाही तर चटणी. शेंगदाण्याचं तेल बंद होऊन रेशनचं पामतेल आलं. थंडीत ते डब्यात गोठून बसायचं, आजी सकाळी डबा चुलीजवळ ठेवून मग फोडणी घालायची. माझी सकाळची केळीही बंद झाली. दूध मात्र कमी केलं नाही. सरकारी केंद्रावरच्या कार्डावर अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या यायच्या, त्या तीनच राहिल्या. तीन मुलं आणि आजी, त्यांचं दूध तोडायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता, चारचौघांत सांगितलंही आहे.

खरी काटछाट कपड्यांत झाली. १९८१ च्या दिवाळीला कपड्यांवर २१० रुपये आहेत, १९८२ ला ९६, तेही आठ जणांचे. कंट्रोलच्या दुकानातून एकच चौकडीचं कापड आणलं आणि गल्लीतल्या शिंप्याकडून तुझा फ्रॉक नि त्या दोघांचे शर्ट शिवून घेतले. अल्बममधला तो फोटो तुला आठवत असेल. तिघं बँडपथकातली पोरं दिसता. सगळं वाढत्या अंगाचं. तुझ्या फ्रॉकच्या घेराला आत चार बोटं दुमड होती, ती दर वर्षी एकेक बोट उसवत गेली आणि जिथे जिथे उसवली तिथे कापडाचा मूळ रंग दिसायचा. माझ्या शर्टांच्या कॉलरी उलटवून घेतल्या. बोहारीण यायची, पायरीवर बसून हाका मारायची आणि रिकाम्या हाती जायची. द्यायला जुनं कापड उरतंच नव्हतं, फाटलं की ते आजीच्या वाकळीत जायचं.

कपड्यांचं हे बरं असतं. पोट रोज विचारतं, कपडा वर्षभर गप्प बसतो. १९९९-२००० च्या पाहणीच्या फेरीत आम्ही खाण्याचं ७ दिवसांचं आणि ३० दिवसांचं असं दोन्ही विचारायचो (त्यावरून पुढे देशभर वाद झाला, तो सांगायला बसलो तर हे पाकीट फुटेल) आणि कपड्यांचं मात्र ३६५ दिवसांचं. बायांना गेल्या आठवड्यातली मेथीची जुडी आठवायची नाही, पण अकरा महिन्यांपूर्वीची साडी काठापदरासकट आठवायची, कुणी दिली आणि दुकानदाराने किती कमी केले यासकट.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो.

१९८३ मध्ये आमची अडतिसावी फेरी होती, उपभोग खर्चाचीच. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत एक घर नमुन्यात आलं होतं. बाई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. डाळ किती लागते विचारलं तर म्हणाली, "दोन मुठी रोजच्या." मूठ कुणाची आणि केवढी? म्हणून मी वर्तमानपत्र पसरलं आणि तिला डाळ काढून दाखवायला सांगितली. तिने डब्यात हात घातला, मूठ भरून बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि त्यातली थोडी परत डब्यात सोडली. ती परत सोडलेली डाळ मला आजही दिसते. मी अंदाजाने ग्रॅम लिहिले. माणसं किती? सहा. सगळे किती जेवतात? "सगळ्यांना सारखंच की भाऊ. मी नंतर बसते."

"मी नंतर बसते" हे मी छत्तीस वर्षांत किती उंबऱ्यांवर ऐकलं असेल त्याची गणती नाही. आमच्या शेड्यूलमध्ये त्याला रकाना नव्हता. आमचा हिशेब घराचा. एकूण डाळीला सहाने भागलं की माणशी डाळ निघाली. आपल्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेघ मांडली, १९६०-६१ च्या भावाने शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये, रोजचे २,२५० उष्मांक मिळतील एवढे. तीही अशाच भागाकारावर उभी होती. दुसरा इलाज नव्हता, घरातल्या प्रत्येक ताटामागे कोण जाऊन बसणार? मी तरी कुठे बसलो होतो?

त्याच वर्षी, त्याच महिन्यांत, रात्री घरी आलो की मी, अण्णा आणि तुम्ही तिघं पहिल्या पंगतीला बसायचो. आजी तुमच्याबरोबर. मग आम्ही दोघं भाऊ वाड्याच्या ओट्यावर जाऊन गिरणीचं काय होणार यावर बोलत बसायचो. आत वहिनी आणि तुझी आई जेवायच्या. काय जेवायच्या, हे मी कधी वळून पाहिलं नाही. दिवसभर परक्या बायांना डाळीचे ग्रॅम विचारून आलेला माणूस मी.

२०१६ मध्ये विजूच्या मुलीच्या बारशाला वहिनी सहज हसत बोलून गेल्या. आमटी उरली तर त्यात पाणी घालून दोघी भाकरी बुडवून खायच्या, नाही उरली तर तिखट-मीठ. आणि दोघींनी अडीच वर्षं कोरा चहा प्यायला. मी एकदा विचारलं होतं म्हणे, तर तुझी आई म्हणाली होती, "दुधाच्या चहाने पित्त होतं." मला ते आठवतही नव्हतं. बाटल्या तीनच राहिल्या होत्या, वहीत दुधाचा आकडा बरोबर होता. तीन बाटल्या आठ जणांत वाटताना दोन कप गेले होते, ते वहीत कुठे दिसणार? खाण्याचे ८२ रुपये माणशी लिहिलेत मी तिथे. ते आठपैकी कुणाचेच ८२ नव्हते.

आणखी एक. त्या अडीच वर्षांत तुझी आई दुपारी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. साडीमागे दीड रुपया. मी त्याला "तिचा वरखर्च" म्हणायचो आणि वहीत धरत नव्हतो. तुझी बालवाडीची फी त्यातून जात होती, हे मला वहिनींकडूनच कळलं. घरात उत्पन्न वाढलं होतं आणि ते मोजायला घरातला सरकारी माणूस विसरला होता. तिच्या स्वतःच्या साडीचा रकाना मात्र मार्च १९८२ पासून ऑक्टोबर १९८४ पर्यंत कोरा आहे. अण्णाला भोसरीला वर्कशॉपमध्ये काम लागलं, ते आपापल्या खोलीत गेले, आणि त्या दिवाळीला पहिली नोंद येते. सुती साडी, ७८ रुपये.

हे तिला कळलं की मी हे सगळं तुला लिहिलं, तर महिनाभर माझ्याशी नीट बोलणार नाही. म्हणून पाकीट चिकटवलं.

आता तुझ्या तक्त्याच्या शेवटी ये. कपड्यांच्या सदरात चार नावं आहेत. ईशान, राही, सुहासराव आणि "मी : ०". आणि वर, दूध एक लिटर. एक लिटर दूध चार जणांत वाटताना कुणाचा कप जाणार ते मला ठाऊक आहे. तुलाही आहे. तुला पित्त होईल.

म्हणून माझा तक्ता घे. किराणा ९,५००, तोच राहू दे. दूध ४,०००, त्याला हात लावू नकोस. भाजी-फळं ५,०००. ड्रॅगनफ्रूट नि किवी सोडून दे, आत्ता सासवडकडची सीताफळं आलीत, पेरू आलाय, तेवढं पुरे. मावशी पूर्ण बंद करू नकोस, नुसत्या पोळ्यांवर ठेव, २,५०० त घेतील, बोलून बघ. त्यांच्याही घरी महिन्याला काही येणं जाणं आहे, आणि हिशेबानेही मला ते बरोबर वाटतं. तू खराडीहून वाकडला आठ वाजता पोचतेस. पोळ्या तयार असतील तर भाजी कुकरला लावशील, नसतील तर फोन उघडशील. आणि बाहेरचं खाणं ३,०००. आकडाच लिही. महिन्यातून दोनदा, मुलांना विचारून, काय हवं ते. एकूण झाले २४,०००.

तुझ्या पद्धतीने किती झाले असते? दूध २,०००, भाजी ३,५००, किराणा तोच, मावशी शून्य, आणि "कमी करू" म्हणत बाहेरचं निम्म्यावर, ९,०००. तेही २४,००० च. बेरीज एकच. फरक कुणाच्या पोटात काय गेलं याचा.

कपड्यांचे गेल्या वर्षी ९६,००० झालेत असं दिसतंय. इथे तू वर्षभर गप्प बसलीस तरी कुणाला कळणार नाही, पण मुलांना सगळं बंद असं नको. राही वाढतेय, तिला लागेल. बाकी, गेल्या महिन्यापासून २,५०० पर्यंतच्या कपड्यांना सरसकट ५ टक्केच जीएसटी म्हणून लक्ष्मी रोडवर मोठमोठे फलक लागलेत. परवा मंडईतून येताना ती गर्दी बघितली. स्वस्त झालं म्हणून घेतलेला कपडाही पैसे देऊनच घ्यावा लागतो.

यात आमच्या खात्याची एक गंमत तुझ्या उपयोगाची आहे. धान्य खाल्लं की खर्च धरायचा. टीव्ही, सायकल असल्या वस्तू घेतल्या की धरायच्या. कपड्याचं मात्र निराळं होतं. कपडा विकत घेतला तेव्हा नाही, तो पहिल्यांदा अंगावर चढवला तेव्हा धरायचा. ट्रंकेत पडून असलेली साडी आमच्या लेखी अजून खर्चच झालेली नसायची. गणपतीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा राहीने कपाट उघडून दाखवलं होतं. लेबल न काढलेले सात ड्रेस मी मोजले, जित्याची खोड. त्यातला एक दिवाळीच्या पाडव्याला काढ. खात्याच्या नियमाने तो तुझा या वर्षीचा नवा कपडा. मग "मी : ०" खोडून तिथे एक लिही. मला खाडाखोड चालते.

सुहासरावांशी मी बोललेलो नाही, बोलणारही नाही. नोकरी गेलेल्या माणसाला सासऱ्याने काय सांगावं? त्या कंपनीने ज्या तऱ्हेने एका ईमेलवर अठरा वर्षं संपवली त्याबद्दल माझं मत आहे, ते कागदावर नको. पण एक लक्षात ठेव. अण्णा आपल्याकडे आला तेव्हा पहिले काही महिने दोन भाकऱ्यांवर हात धुवायचा. "पोट भरलं," म्हणायचा. मुंबईला चार खाणारा माणूस. मला वाटायचं, चिंतेने भूक गेली असेल. आजीच्या लक्षात आलं. तिने एक दिवस वाढायची रीतच बदलली. विचारायचंच नाही. त्याचं बोलणं चालू असताना ताटात भाकरी टाकायची आणि पुढे जायची. तो नाही म्हणेपर्यंत ती चुलीशी पोचलेली असायची. तू आता पोळ्या मोजत बस असं म्हणत नाही. पण परवा जेवायला आलात तेव्हा त्यांनी श्रीखंड नको म्हटलं, आणि ते श्रीखंडाला नाही म्हणणाऱ्यांतले नव्हेत.

मुलांना सांगितलंयस का? ईशानला माहीत आहे. मागच्या रविवारी मला विचारत होता, "आजोबा, बाबांना किती दिवसांत दुसरी मिळते साधारण?" मी म्हटलं, सरासरी सांगता येईल पण तिचा उपयोग नाही. तर म्हणाला, त्याने क्लासच्या कँटीनमधलं खाणं बंद केलंय. तुला सांगू नका म्हणाला होता, पण मी सांगतोय, कारण पोरगा बारावीला आहे आणि दुपारी उपाशी बसतोय. त्याला डबा दे.

पैशांचं मी विचारत नाही. तू घेणार नाहीस, आणि मग दोघांनाही आठवडाभर अवघडल्यासारखं होईल. लागले तर माझी पेन्शन दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होते एवढं तुला माहीत आहे.

स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा वास येतोय. आईने काल पाच किलो भाजणी दळून आणली. दोन म्हाताऱ्यांना पाच किलो! विचारलं तर म्हणाली, "बाजारात पीठ चांगलं नसतं हल्ली." मी पुढे काही विचारलं नाही, एवढं तरी शिकलोय. ईशानबरोबर चकलीचा मोठा डबा, शेव आणि चिवडा येईल, लाडू वसुबारसेला. तू लगेच हिशेबाला बसशील म्हणून सांगून ठेवतो. शिजवलेलं अन्न ज्या घरी शिजतं त्याच घराच्या खात्यात मांडतात, खाणाऱ्याच्या नाही. त्यामुळे हे सगळं आमच्याकडे धरलं जाईल. तुझ्या २४,००० ला धक्का लागत नाही.

आणि डबे परत करताना रिकामे कसे द्यायचे म्हणून त्यात साखर नि काजू भरून पाठवू नकोस. रिकामेच दे, घासून.

तुझा,
बाबा

ता. क. तक्त्यात बेरजेला एक चूक आहे, विजेच्या बिलाखाली. पेन्सिलीने दुरुस्त केलीय. १८० रुपये तुझ्याकडे जास्त उरतात.